व्हॉल्व्हसारखा आवाज

डहाणूतल्या आमच्या आळीच्या महिला भजनी मंडळात पुरुष असा मी एकटाच. पेटी वाजवायला बाई मिळेना म्हणून मला तात्पुरता बसवला होता, आणि मंडळात पुढे बसून गाणारी माझी बायकोच असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्या तात्पुरत्याला बावीस वर्षं झाली. दिवसा मी तलासरीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी घरी येऊन पेटीचा भाता मारायचो. दोन्हीकडे काम एकच, समोरचा सांगेल तसं करायचं.

मंडळाकडे एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. मागच्या जाळीतून आतल्या काचेच्या नळ्या दिसायच्या. बटण दाबलं की मिनिटभर काहीच व्हायचं नाही, मग नळ्यांतली तार तांबूस व्हायची आणि सावकाश आवाज यायचा. उचलायला दोन माणसं लागत, आणि मंडळातल्या बायकांना माझ्यावर फार विश्वास असल्यामुळे तो बहुधा मी एकटाच उचलायचो. २०१४ साली पालघर जिल्हा नवा झाला आणि कुठली फाइल ठाण्याला राहिली नि कुठली पालघरला गेली याचा कचेरीत घोळ चालला होता, त्याच सुमाराला हा ॲम्प्लिफायर बंद पडला. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता, दोन नळ्याही गेल्या होत्या. डहाणू रोडच्या दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हात जोडले.

मंडळाने नवा घेतला, ट्रान्झिस्टरचा. एका हातात मावणारा. मला तर सुटल्यासारखं झालं.

त्यावर पहिलं भजन झालं घोलवडला, एका वाडीतल्या पूजेत. चिकू भरायच्या शेडमध्ये क्रेट बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. माझी बायको काळी पाचमध्ये गायची. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. बायकांतसुद्धा इतक्या वरून गाणाऱ्या थोड्या, आणि तिला त्याचा गर्व होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही, पण दुसरं मंडळ गात असलं की तिची नजर आधी पेटीवाल्याच्या बोटांकडे जायची. त्या दिवशी तिने अभंगाचा अंतरा उचलला, वरच्या सा वर गेली आणि तिथे आवाज चरचरला. कापड फाटावं तसा. तिने टाळ जोरात वाजवायची खूण केली आणि वेळ मारून नेली.

घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, "हे मशीन आवाज फाडतंय. जुन्यासारखा आवाज देणारं मिळालं तर बघा, नाहीतर मी टाळ घेऊन मागे बसते. दुसरी कोणी गाईल."

तिच्या तोंडून हे ऐकून मी हादरलो. आमच्या घरात तिचं गाणं हा काही छंद नव्हता. सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलीचं लग्न, माझा चिडका स्वभाव, सगळ्यातून ती त्या दोन तासांच्या जोरावर उभी राहिली होती. ती मागे बसली असती तर आमच्या घराचं काय झालं असतं, हे मला मनातही आणवेना. म्हणून मी शोधायला लागलो.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचायचो. जगभरची माणसं या विषयावर एकमेकांच्या उरावर बसलेली होती. कोणी म्हणे व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो. आवाज उबदार म्हणजे काय, गोधडी आहे का ती? दुसरा म्हणे हे सगळे मनाचे खेळ आहेत. तिसऱ्याने लिहिलं होतं की मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर असलेले ॲम्प्लिफायर हुबेहूब व्हॉल्व्हसारखे वाजतात, आणि त्याच्याखाली चौथ्याने त्याची अक्कल काढली होती. मला आधीच कमी कळत होतं, वाचून तेही कळेनासं झालं. पण कारकुनाला शेवटी कुठल्यातरी कागदावर सही लागते, म्हणून मी मॉस्फेटवर भरवसा टाकला. तसा एक ॲम्प्लिफायर मिळवला. झाई गावातल्या कार्यक्रमात आवाज पुन्हा फाटला.

२०१६ मध्ये वापीच्या एका दुकानात मला खजिनाच सापडला. ट्रान्झिस्टरचाच ॲम्प्लिफायर, पण पुढे एक छोटी काचेची नळी आणि तिच्यात नारिंगी उजेड. दुकानदार म्हणाला, पुढचा भाग व्हॉल्व्हचा, मागचा ट्रान्झिस्टरचा, दोन्हीचं चांगलं ते घेतलंय. बायकोने तो उजेड बघूनच मान डोलावली. पहिले आठ दिवस ती म्हणायची, हां, आता थोडं बरं वाटतंय. मलाही बरं वाटायचं. नवव्या दिवशी ते यंत्र गप्प झालं.

ते दुरुस्त करायला मी तलासरीच्या एका कारागिराकडे नेलं. कचेरीपासून चार पावलांवर त्याचं पत्र्याचं दुकान. तो पूर्वेच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा, भातशेती सांभाळून हे काम करणारा, चाळिशीचा. कमी बोलायचा. त्याने झाकण काढलं, बराच वेळ बघितलं आणि मला जवळ बोलावलं. त्या नळीचे पाय कशालाच जोडलेले नव्हते. नळी नुसती खोचून ठेवलेली, आणि तिच्या बुडाशी नारिंगी रंगाचा बारका दिवा. मी आठ दिवस दिव्याचा आवाज ऐकून खूश होत होतो. मला दुकानदाराचा राग आला, त्याहून जास्त माझ्या कानांचा आला. कारागीर मात्र हसला नाही. जोडणी सैल झाली होती ती त्याने डाग देऊन नीट केली आणि दिवाही तसाच ठेवला.

त्यानेच मग मला पहिल्यांदा समजेल असं सांगितलं. व्हॉल्व्हवर ताकदीबाहेर आवाज आला तर तो त्याला वरून गोल करतो, ट्रान्झिस्टर सरळ कापतो. म्हणून कापलेला टोचतो. स्पीकरच्या वाटेत एक जाडा रेझिस्टर घातला तर ट्रान्झिस्टरचा आवाजही जरा ढिला पडतो, जुन्यासारखा वाटतो. मी म्हटलं, घाला. त्याने घातला. पुढे दोन-अडीच वर्षं मी त्याच्याकडे हेलपाटे घालत होतो. कधी रेझिस्टर बदल, कधी जुना ट्रान्सफॉर्मर मध्ये बसव. डहाणू-तलासरी बसमध्ये मांडीवर यंत्र घेऊन बसलेला मी, कंडक्टरलाही पाठ झालो होतो.

घरी मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तिचंच एक ध्वनिमुद्रण लावलं आणि तीन ॲम्प्लिफायर आलटून पालटून जोडले. कुठला चांगला ते तिने सांगायचं. तिने दुसरा चांगला म्हटलं, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. मी कागदावर खुणा करत होतो. शेवटी खुणांशी वायर ताडून बघितली तर दोन वेळा मी यंत्र बदललंच नव्हतं, आणि कुठल्या दोन वेळा ते आता मलाही सांगता येईना. बायको म्हणाली, तुमचं होऊ द्या, मी भाजी बघते. मी तो कागद अजून का ठेवला आहे ते माहीत नाही.

या काळात ती गातच होती, पण भीत भीत. वरच्या सा च्या आधी तिचा उजवा हात घट्ट मिटायचा, ते पेटीवरून मला दिसायचं. आमच्या शेजारच्या गुजराती काकी मंडळात टाळ वाजवायच्या. त्या एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भाई, मजा नथी आवती." मजा येत नाही म्हणतायत, तर मी त्यांना मॉस्फेट समजावून सांगायला लागलो.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडची जमीन हलायला लागली. डहाणू, तलासरी, सगळीकडे धक्के. एके दुपारी मी कारागिराच्या दुकानात ॲम्प्लिफायर ऐकत उभा होतो आणि खोल घुमल्यासारखा आवाज झाला. मी म्हणालो, बेस फार झालाय, कमी करा. त्याने कमी केला. पुन्हा घुमलं. त्याने यंत्र बंद केलं. तिसऱ्यांदा घुमलं तेव्हा वरची ट्यूबलाइट हलत होती, आणि आम्ही दोघे बाहेर पळालो. रस्त्यात सगळी माणसं उभी होती. तिथे उभं राहूनही माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की यंत्रात दोष नाही.

त्यानंतर देवळात, घरात बसून भजन करायला बायका तयार होईनात. कौलं अंगावर येतील म्हणत. सराव आमच्या अंगणात होऊ लागला. तिथे एका रविवारी सकाळी कारागीर दुरुस्त केलेलं यंत्र घेऊन स्वतः आला. इतकी वर्षं तो बाईंच्या आवाजासाठी झटत होता, पण बाईंना त्याने कधी ऐकलं नव्हतं. माझी बायको गायली. तो माडाला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. वरचा सा आला तेव्हा त्याने खाली बघितलं.

मी त्याला सोडायला बस थांब्यापर्यंत गेलो. बराच वेळ तो शेतीचं बोलत होता. मग म्हणाला, "माझा काका तारपा वाजवतो. वय झालं, दम पुरेना. मग त्याने लहान भोपळ्याचा तारपा करून घेतला. त्यावर नाचणारे नाचतातच की." थोडं चालून त्याने पुढे सांगितलं, "साहेब, आता मी या मशीनमध्ये काही बदलणार नाही."

बस आली, तो गेला. मी तिथेच उभा राहिलो. पाच वर्षं मी जे वाचलं, विकत घेतलं, उचललं, त्यातलं काहीच मला या वाक्यापर्यंत घेऊन आलं नव्हतं. आणि पेटी तर माझ्याच पुढ्यात होती. कुठल्या पट्टीत गायचं ते माझी बोटं ठरवत होती. बायकोचं वय पंचावन्न झालं होतं, हे मला तिच्या वाढदिवसाला ठाऊक होतं, पेटीवर बसल्यावर नव्हतं. मग जुनं यंत्र खरंच तिचा आवाज झाकून घेत होतं का, की ते बंद पडलं आणि तिचा गळा उतरला हे एकाच वर्षी घडलं, एवढंच? मला तेव्हाही उलगडलं नाही.

तिला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. काळी पाच सोड असं तिला कसं म्हणणार? आठवड्याने मोठा कार्यक्रम होता, आशागडजवळ, उघड्या मैदानात मांडव घालून. आमची पेटी स्केल चेंजर आहे. तिच्या पट्ट्यांचा सगळा संच उचलून बाजूला सरकवता येतो. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र खालचा निघतो. बायका साड्या सारख्या करत होत्या तेवढ्यात मी तो संच दोन पट्ट्या खाली सरकवला. कोणी बघत नाही ना, ते दोनदा पाहिलं. चोरी करताना असंच होत असणार.

मी काळी पाचवर बोट ठेवून सा धरला. बायकोने तोंड उघडलं आणि क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. मी पेटीत डोकं घातलं. मग ती गायला लागली. अंतरा आला, ती वर गेली, आणि वरचा सा जसाच्या तसा उभा राहिला, गोल आणि भरलेला. तिचा हात उघडाच होता. तिने तो सा पुन्हा घेतला, नंतर उगाचच आणखी एकदा घेतला. मला रडू येत होतं आणि भाता मारायचा असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर मांडववाला येऊन ॲम्प्लिफायरची कंपनी विचारून गेला.

दुपारी घरी आलो. ती ओट्याशी पाणी पीत उभी होती. पाठ माझ्याकडे होती.

"किती खाली घेतलीत?" तिने विचारलं.

"दोन," मी म्हणालो. "तुला कळलं?"

"गळा माझा आहे." तिने भांडं पालथं घातलं. "घोलवडलाच कळलं होतं मला. पण मशीन म्हटलं, आणि तुम्ही लगेच मशीन शोधायला निघालात. मग वाटलं, असेल मशीनच."

मी तिची माफी मागावी की तिने माझी, हे मला कळेना.

"पुढच्या वर्षी आणखी एक घ्यावी लागेल खाली," ती म्हणाली. "पण तेव्हा मला विचारून घ्या."