अंधारातल्या प्लेटा

एकाच प्रयोगशाळेत वर्षं काढली की किस्से पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखे साठतात. पंखा थांबल्याशिवाय दिसत नाहीत! माझ्या रोजनिशीत सन ऐंशीच्या आसपासचे बरेच आहेत आणि प्रत्येकात पगारेबाई माझ्यापुढे. मी तरी काय करू?

*

नाशिकच्या कॉलेजात आम्ही दोघं डेमॉन्स्ट्रेटर. आमच्या विभागप्रमुख सरांनी यीस्टचा प्रयोग काढला. अतिनील दिव्याखाली यीस्टच्या पेशीतला डीएनए बिघडतो. मग पेशीतलीच प्रथिनं खराब तुकडा कापून नवा बसवतात. "आणि त्यांना कुणी सांगावंही लागत नाही!" सर म्हणाले.

"म्हणजे आमच्या गल्लीतल्या रस्त्यापेक्षा नशीबवान!" पगारेबाई म्हणाल्या. सगळे हसले.

हाच विनोद माझ्या जिभेवर होता!

*

यीस्ट द्राक्षांच्या सालीवरून घेऊन काचेच्या प्लेटांत वाढवायचं होतं. मी वणीहून निवडून घड आणले. माझ्या प्लेटांवर नुसती बुरशी! आमचा शिपाई गंगाधर कळवणकडचा. तो म्हणाला, "सर, याला तर पावसाळ्यातल्या चपलेवानी लय केस आलेत!"

पगारेबाईंनी बाजारातून पाव किलो द्राक्षं आणली, त्यातली निम्मी खाल्ली. उरलेल्यांवरचं यीस्ट मलईसारखं वाढलं.

"घ्या जाधव, माझ्यातलंच थोडं."

घ्यावं लागलं!

*

सर आमच्यापैकी एकालाच पुण्याच्या परिषदेला नेणार होते. मला जायचंच होतं.

अतिनील दिव्याखाली धरलेल्या प्लेटा नंतर अंधारात ठेवायच्या, असा नियम. कारण काही यीस्टमध्ये एक प्रथिन असं असतं, की उजेड मिळाला की तेही दुरुस्तीला लागतं. मी माझ्या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. पगारेबाई बोलता बोलता आपल्या खिडकीतच विसरल्या. संध्याकाळी ते कळलं, तेव्हा मी खुशीत गंगाधरला चहा पाजला.

पण प्लेटा उगवल्या तेव्हा माझ्या प्लेटांवर वाचलेल्या पेशींचे तुरळक ठिपके, बाईंच्या प्लेटांवर गच्च चांदणं!

"वा! आपल्या द्राक्षांवरच्या यीस्टमध्येही हे प्रथिन आहे तर!" सर ओरडले. "पगारे, पुण्याची तयारी करा!"

"सर, बाई त्या प्लेटा खिडकीत विसरल्या होत्या!" मी म्हणालो.

"मग तुम्ही का नाही विसरलात?"

*

परिषदेहून परतल्यावर सर थेट माझ्या टेबलाशी आले.

"जाधव, पगारेबाईंनी भर सभेत सांगितलं, 'अंधारातल्या प्लेटा आमच्या जाधवांच्या. त्या शेजारी नसत्या, तर माझ्या खिडकीतल्या प्लेटांवरून काहीच सिद्ध झालं नसतं.' काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!"

मी चष्मा काढून पुसला.

"सर, माझ्या नावाला जास्त पडल्या, की त्यांच्या?"