काँक्रीटचं पाणी

नव्वदच्या दशकात आखातात, फुजैऱ्याकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या कामावर मी मटेरिअल इंजिनिअर होतो. खडी, वाळू, सिमेंट, डांबर, जे जे रस्त्यात जाणार ते आधी माझ्या पत्र्याच्या लॅबमधून जायचं. पाणीसुद्धा. खाऱ्या पाण्याने काँक्रीटमधलं लोखंड गंजतं, म्हणून लांबून गोड्या पाण्याचा टँकर यायचा आणि त्याच्या रिपोर्टवर दर आठवड्याला माझी सही. बायको आणि मुलगी अबुधाबीत. गुरुवारी संध्याकाळी घरी जायचो तेव्हा बोलायचंही त्राण नसायचं.

रस्त्याखालच्या मोऱ्यांचं नवं काँक्रीट सात दिवस ओलं ठेवावं लागतं. ते काम आंध्रातल्या एका पन्नाशीच्या मजुराकडे होतं. दिवसभर उन्हात गोणपाटावर पाइपने पाणी मारायचा आणि जाताना टँकरमधून एक कॅन भरून मजुरांच्या कॅम्पवर प्यायला न्यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. एकदा त्याने कॅम्पच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं.

"साब, इसका भी टेस्ट कर दो. सबका पेट खराब रहता है. अच्छा है कि नहीं, उतना बोलो."

केलं. ते पाणी मी काँक्रीटलासुद्धा पास केलं नसतं.

रिपोर्ट घेऊन प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. ते पुण्याचे, अबुधाबीच्या एसी ऑफिसातून उंटावरून शेळ्या हाकणारे. तसे वाईट नव्हते.

"तुला कोणी सांगितलं होतं हे? स्पेसिफिकेशनमध्ये काँक्रीटचं पाणी आहे, कॅम्पचं नाही. हा कागद बाहेर गेला तर तुझा व्हिसा पहिला कॅन्सल होईल. मुलगी शाळेत आहे ना? फाड तो. खलास."

मी फाडला. भांडायला हवं होतं, हे आता घरात बसून म्हणणं सोपं आहे.

तो मजूर मात्र रोज विचारायचा, "साब, रिपोर्ट?" मी म्हणायचो, "कल, इन्शाल्ला." ऑफिसात या शब्दाचा अर्थ 'होणार नाही' असा, हे सगळ्यांना माहीत होतं. तो दुसऱ्या दिवशी खरंच यायचा. असे तीन आठवडे गेले. एका दुपारी खडीचे ट्रक परत पाठवून, ड्रायव्हरांच्या शिव्या खाऊन मी केबिनकडे येत होतो, तर हा दारातच उभा. माझं डोकं फिरलं.

"ठीक है पानी. पीओ."

त्याने दोन्ही हात जोडले. मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो टँकरपाशी थांबलाच नाही. कॅन रिकामाच होता. भरला नाहीस का, असं मी विचारलं.

"आपने बोला ना साब, अपना पानी अच्छा है. फिर कंपनी का पानी काहे को चोरी करना? मैंने कॅम्प में सबको बोल दिया."

'कॅन भर' म्हणालो असतो तर त्याला सगळं कळलं असतं. मी म्हणालो नाही. तो रिकामा कॅन घेऊन बसमध्ये चढला.