प्रेझेंटली

इंग्रजीतला 'प्रेझेंटली' हा शब्द मला तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी शिकवला. आईवडील सुरतेला, कोसाडच्या वसाहतीत. मी मात्र शिक्षणासाठी आत्याकडे, धुळे जिल्ह्यात. सर फळ्यावर शब्द लिहून म्हणाले होते, "याचा अर्थ 'सध्या' नव्हे, 'थोड्याच वेळात'. 'सध्या' लिहिणाऱ्याचा मार्क कापीन." सरांचं ऋण मोठं आहे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, आणि ती त्यांच्यामुळे.

पदवी घेऊन मी सुरतेला आले. हजीऱ्याकडच्या एका वाहतूक ठेकेदाराच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे जो तो हाच शब्द 'सध्या' म्हणून वापरायचा. साहेब प्रेझेंटली रजेवर आहेत, गाडी प्रेझेंटली बंद आहे. मला वाटलं, सगळेच चुकतात. जाडा शब्दकोश पाहिला तर त्यात दोन्ही अर्थ होते. शिवाय लिहिलं होतं की फार पूर्वी या शब्दाचा अर्थ 'ताबडतोब' असा होता. लोक ताबडतोब म्हणत गेले आणि उशीर करत गेले, तसा अर्थ घसरत 'थोड्या वेळाने' वर आला.

हे मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, जेवताना सांगितलं. ते लूमच्या कारखान्यात कारागीर होते. घास हातातच ठेवून ते हसायला लागले.

"म्हंजे इंग्रजबी आपलासारखाच शेतस!"

कारण आमच्या अहिराणीत 'आते', म्हणजे 'आत्ता', हा शब्द अगदी असाच आहे. 'आते येस' म्हणून आप्पा बाहेर पडले की ते पाच मिनिटांनी येतील की जेवणवेळ टळल्यावर, हे देवालाही सांगता यायचं नाही.

"तुमनं आते म्हंजे दिन बुडावर," माय म्हणाली.

"आते नही, प्रेझेंटली म्हन," आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द उचललाच. शेठचा फोन आला की सांगायचे, "आवुं छुं शेठ, प्रेझेंटली!" कारखान्यातले लोक त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. एकदा मी डबा द्यायला गेले तर खडखडाटातून कुणीतरी ओरडलं, "ए प्रेझेंटली, तेरी मास्टरनी आई है!" आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवून, ओठ हलवून सगळ्यांना काहीतरी सांगितलं. आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठांवरून 'बी.ए.' एवढं कळलं.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात मीच बोलायची, कारण मी शिकलेली. माय खाली, पायऱ्यांवर इतर बायकांजवळ बसायची. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हळू, चांगल्या शब्दांत सांगितलं की आता इलाज उरलेला नाही. दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो, हवं तर आजच घरी न्या.

आप्पांना घरचीच ओढ लागली होती. रोज एकच प्रश्न विचारायचे. त्या दिवशीही मी खाटेजवळ गेले तसं त्यांनी विचारलं, "का वं, घर कव्हय जावानं?"

मला हसतमुखाने काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "प्रेझेंटली, आप्पा."

ते हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"कोनतं? मास्तरनं का हापिसनं?"

सरांचं म्हणजे थोड्या वेळाने, बरं वाटल्यावर, सगळेच पेशंट जातात तसं. ऑफिसचं म्हणजे सध्या, आत्ता, या घडीला. त्यांना उभंही राहता येत नव्हतं. हाताला सलाईन होतं. अशा माणसाला आत्ता घरी का सोडतात, हे त्यांना कळणार होतं. मी सरांचं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आप्पांनी अर्थ विचारला होता, आणि लूमवर राबून मला शिकवलं ते त्यांनीच.

"ऑफिसचं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "म्हंजे डॉक्टरनी सोडी दिन्हं."

घरी सोडलं की आशा सोडली, हे मी विचारलं नाही. मी त्यांच्या पायावरची चादर सरळ करत राहिले. ती सरळच होती.

माय वर आली. तिला काय सांगायचं हे मी अजून ठरवलं नव्हतं. आप्पाच तिला म्हणाले, "डॉक्टर म्हने, घर जा. बरं शे." आणि मग माझ्याकडे पाहिलं. बोलू नकोस, असं ते पाहणं होतं.

मायने तिथेच दोन्ही हात जोडले. नर्सच्या पाया पडायला निघाली, तिला मी धरलं. घरी पोचल्यावर गल्लीतली माणसं गोळा झाली. माय पेढे घेऊन आली आणि दारात उभी राहून वाटू लागली, "आमना घर उनात, बरा व्हई गयात." शेजारची गुजराती बाई म्हणाली, "सारुं थयुं, बेन." आप्पा खाटेवर उशीला टेकून सगळ्यांचे नमस्कार घेत होते.

मायने माझ्याही हातावर पेढा ठेवला. "खाय ना वं, तूच तर दवाखाना सांभाळा."

आप्पा माझ्याकडेच बघत होते. मी तो पेढा तोंडात टाकला.