लाल पाणी, राखाडी नोंद

पुण्याहून मुरुडला जाणारे निम्मे लोक काशिदच्या वाळूसाठी जातात, उरलेले जंजिऱ्यासाठी. मी गेले माफी मागायला. आधीच सांगते, नाहीतर सुरमईचे फोटो शोधत शेवटपर्यंत वाचाल आणि मला शिव्या घालाल.

मी भूशास्त्रज्ञ. बोगदा खणण्याआधी डोंगर आतून कसा आहे ते बघून लिहून द्यायचं, ही माझी नोकरी. मुरुडच्या मागच्या डोंगरातल्या पाण्याच्या बोगद्याची पाहणी मी केली होती. पुढे खणताना छताचा एक मोठा दगड घसरला आणि सुनील नावाचा कामगार गेला. ठपका बसला त्याच्या सख्ख्या मोठ्या भावावर, बाळारामवर. सुरुंगाचं काम त्याच्याकडे होतं, त्याने सुरुंग जास्त भरला म्हणे. ते ऐकून मी तेव्हा चक्क हुश्श केलं होतं. कागद उघडून बघितलेही नाहीत. ह्या उन्हाळ्यात निवृत्तीसाठी कपाट आवरताना त्या कामाची वही हातात आली आणि माझंच अक्षर वाचलं. चूक सुरुंगाची नव्हती, माझी होती. नवरा म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस?" त्याच्याशी वाद न घालता मी बॅग भरली.

स्वारगेटहून सकाळची अलिबाग एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, हा एकच आनंद. वडखळला गाडी अडकली की तोही संपतो. अलिबागला गाडी बदलायची आणि मुरुडच्या एसटीत उजवीकडची खिडकी धरायची, समुद्र त्या बाजूला लागतो. मी रेवदंड्याला उतरून जेवले. कालवणात मीठ जास्त होतं, पण तांदळाची भाकरी तव्यावरून थेट पानात आली. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. शेजारच्या टेबलावरचं मुंबईचं जोडपं नाकाला रुमाल लावून बसलं होतं. अरे, मग आलात कशाला इथे?

खाडीचा पूल ओलांडून कोर्लई मागे टाकलं की रस्ता चढतो. तिथे कापलेल्या काळ्या कड्याकडे बघा, म्हणजे माझी चूक समजेल. दगड अखंड नसतो. त्यात चिरा असतात, त्यांना आम्ही सांधे म्हणतो. सांध्याच्या दोन्ही बाजू खडबडीत, एकमेकींत दात रोवून बसलेल्या, आणि वरचं वजन त्यांना आवळून धरतं. घसरायचं तर दगडाला ते दात चढून जावे लागतात नाहीतर मोडावे लागतात. मोडले की गेलेली पकड परत येत नाही. बोगदा खणला की खालचा आधार जातो आणि तिरक्या सांध्यावर दगड सरकायला बघतो. तरी दात घट्ट असतील तर बहुतेक वेळा तो तग धरतो. पण सांध्यात ओली लाल माती असेल तर दात एकमेकांना लागतच नाहीत. ओल्या साबणावर पाय पडावा तसा दगड सटकतो.

आत माती आहे की नाही हे कळायला यंत्राने भोक पाडून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात. गोम अशी की भोकात पाणी सोडावं लागतं आणि ते पाणी सांध्यातली माती धुऊन नेतं. पेटीत येते ती कांडी अगदी स्वच्छ. म्हणून भोकातून परत येणाऱ्या पाण्याचा रंग वहीत लिहायचा असतो. सुरुंगाच्या कामाला लागण्याआधी बाळाराम त्या यंत्रावर होता. त्याने मला हाक मारली होती, "मॅडम, पानी लाल येतय!" मी सावलीत कांड्या बघत बसले होते. "येऊ दे, वरची माती असेल," म्हणाले आणि लिहून टाकलं: पाणी राखाडी, सांधा स्वच्छ, खडबडीत. दहा पावलं उठून जायचा कंटाळा केला. बाकी काही कारण नाही, हो. दगड घसरला तो त्याच सांध्यावर.

मुरुडला बाजाराजवळ साधं लॉज मिळालं. पंखा खडखडतो, चादरी मात्र धुतलेल्या. सकाळी रिक्षा केली आणि बाळारामदादांच्या वाडीत गेले. ते अंगणात सुपाऱ्या सोलत होते. चौकशीनंतर त्यांना कुणी सुरुंगाच्या कामावर घेतलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. हात थांबला नाही. "मीच तर तुमाला हाक मारली व्हती. चौकशीत पन सांगितला. साहेबानी तुमची वही उघडली. बोलला, हितं तर राखाडी लिवलाय."

"मग मला फोन का नाही केलात, दादा?"

"करून काय बोलू? सही तुमची व्हती."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पुढची सुपारी उचलत तेच म्हणाले, "मना नका सांगू, मॅडम. लताला सांगा, सुनीलच्या बायकोला. बाजूलाच ऱ्हाते. चार वरसं माझ्याशी बोलत न्हाय. भावाला मी मारला बोलते."

ह्याचसाठी तर मी आले होते. लता नुकतीच बाजारातून आली होती, हातात पिशवी तशीच. मी सांगितलं, "दादांचा सुरुंग बरोबर होता. पाणी लाल आलं होतं, आत माती होती. त्यांनी मला सांगितलं, मीच खोटं लिहिलं." ती माझ्या अंगावर धावून येईल, दोन थोबाडीत देईल, असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागोमाग आलेल्या दिराला विचारलं, "म्हंजे तुमाला ठाव व्हता? आत माती हाय ह्या ठाव व्हता, नि तरी त्यांना आत धाडलाव?"

"मॅडमनी सांधा चांगला लिवला व्हता, लता," दादा म्हणाले. "मना वाटला, शिकलेली मानसा, त्यांना आमच्यापेक्षा..."

तिने दार लावून घेतलं.

दुपारच्या गाडीने निघाले. जंजिरा बघितला नाही, काशिदला उतरले नाही. परतीला डावीकडची खिडकी धरा, एवढंच काय ते सांगू शकते.

घरी येऊन ऑफिसला सविस्तर पत्र लिहिलं. 'नोंद घेण्यात आली आहे' एवढं उत्तर आलं. चूक कबूल केली की मन हलकं होतं, असं कुणी सांगितलं तर त्याला माझा पत्ता द्या. आयुष्यभर दगडाचं वजन कुठून कुठे जातं ते मोजलं मी, आणि माणसांच्या बाबतीत एवढंही कळलं नाही.

काल बाळारामदादांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "मॅडम, आता परत येऊ नका. लता बोलत नसली तरी तिची पोरगी दुपारी आमच्याकडं जेवायला यायची. तुमी गेल्यापासून येत न्हाय."