साखर निघालेलं घर

डॉक्टर मंडळी एकत्र बसली की पेशंटचे किस्से निघतात, आणि ते बहुतेक हसण्याचेच असतात. माझ्याकडे एकाच घराचे इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. फक्त शेवटाकडे येता येता हसणारे कमी होत जातात.

ऐंशीच्या दशकात पूर्णेला स्टेशनजवळ माझा दवाखाना होता. मी आणि कंपाउंडर युसूफभाई, एवढाच स्टाफ. पेशंट मला नुसतं 'बाई' म्हणत. ते घर जवळच्या ताडकळस गावचं. मारोतराव, त्यांची बायको गयाबाई, नऊ वर्षांची रुक्मिण, तिच्या पाठची मंगल आणि धाकटा बालाजी.

*

मारोतरावांनी रुक्मिणला खांद्यावर घालून आणलं तेव्हा ती धापा टाकत होती आणि तोंडाला सडक्या फळांसारखा वास येत होता.

"कधीपासून आहे हे?"

"लय दिवस झाले. नुसतं पानी पेयालीय अन् वाळायलीय."

"हिच्या लघवीला मोरीत मुंग्या लागायल्या होत्या," गयाबाई हळूच म्हणाल्या. "मी यांना म्हनलं होतं."

"मुंग्या म्हंजे बरकत, बाई," मारोतराव मला म्हणाले. "साखर आल्याबिगर मुंग्या येत्यात का?"

साखर आलीच होती. पोरीला तशीच जीपमध्ये घालून परभणीला पाठवली. वाचली. हा म्हातारपणी होतो तो मधुमेह नव्हे. यात शरीर इन्सुलिन करायचंच सोडून देतं, आणि सुईशिवाय पोर जगत नाही.

*

काचेची सिरिंज आणि सुई उकळून घ्यायची, हे मी मारोतरावांना नीट समजावलं. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवायला सांगितली. तरी रुक्मिणची साखर वाढतच चालली.

"उकळता ना सगळं?"

"समदं उकळतो. तुमी जंतूंचं सांगितलं, मग औषध बी चांगलं खळखळ उकळून घेतलं."

युसूफभाई हसू दाबायला बाहेर गेले. मला हसता आलं नाही. उकळलं की इन्सुलिन मरतं. पोरगी ते मेलेलं पाणी रोज टोचून घेत होती, आणि रडतही नव्हती.

*

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात मधूनमधून एसट्या बंद पडायच्या. अशाच एका बंदच्या दिवशी मारोतराव सायकल मारत इन्सुलिन न्यायला आले. कपाळाला खोक पडली होती, शर्ट फाटला होता.

"रस्त्यात पोरांनी धरलं," म्हणाले. "म्हनले, नाव बदलावं का न्हाई, सांग. मी म्हनलं, बाबांनो, मला पोरीच्या औषधाचं नाव बी घेता येत न्हाई. मला जाऊ द्या."

औषध रुमालात गुंडाळून पोटाशी धरलं आणि तसेच माघारी गेले. हा माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायचंय. पुढचं ऐकताना ते लक्षात असू द्या.

*

एका पोराला हा रोग निघाला की भावंडांवर लक्ष ठेवावं लागतं. रोग अडवायचा इलाज आमच्याकडे नव्हता, पण पोर बेशुद्ध पडायच्या आत धरता येत होतं. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर साखर. मी मारोतरावांना सांगितलं, मंगल आणि बालाजी, दोघांची लघवी दर महिन्याला आणा.

ते एकच बाटली घेऊन आले. बालाजीची.

"मंगलची कुठंय?"

"पोरीचं तपासून काय करायचं, बाई? साखर निघाली तर तिला कोन करून घेतंय? अन् न्हाई निघाली, तर मग तपासलं कशाला?"

युसूफभाईंनी स्पिरिटचा दिवा विझवला. "मारोतराव," ते म्हणाले, "तुमे तो वकील होना था."

मी मात्र चिडले. नको नको ते बोलले. पुढच्या महिन्यापासून बाटल्या दोन यायला लागल्या. दोन्ही निळ्या. दर महिन्याला निळ्या. मी इतर आईबापांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले.

*

त्या उन्हाळ्यात मंगलला ओकाऱ्या सुरू झाल्या. ऊन बाधलं म्हणून गावातच कुणीतरी ग्लुकोजची सलाईन लावली. माझ्याकडे आणली तेव्हा तोच वास, तीच धाप. परभणीच्या वाटेवरच ती गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर दोघं भेटायला आले. मला राहवलं नाही. म्हटलं, "मागच्याच महिन्यात तर निळं होतं."

गयाबाई रडत नव्हत्या. "त्या दोन्ही बाटल्या बालाजीच्याच," त्या म्हणाल्या. "दर बारीला."

मी मारोतरावांकडे पाहिलं.

"निळं यावं म्हनून, बाई," ते म्हणाले.

*

रुक्मिण मोठी झाली. एक दिवस इन्सुलिन न्यायला एकटीच आली आणि बाकावर बसून सांगायला लागली. पोखर्णीहून पाव्हणे तिला बघायला आले होते. तिच्या सुईचा डबा बापानं आदल्या दिवशीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवला होता.

ती पोह्यांच्या ताटल्या देत असताना मुलाच्या बापानं विचारलं, "भावंडं किती?"

"दोघंच," मारोतराव म्हणाले. "ही अन् बालाजी."

"तिघं होतो," रुक्मिण म्हणाली. "मधली मंगल. ती साखरेनं गेली. मला बी तेच हाय, रोज सुई घेते."

कुणी ताटलीला हात लावला नाही. पाव्हणे उठले, चपला घातल्या.

"मग? तुझा बाप काय म्हणाला तुला?" मी विचारलं.

"त्यांना बोलायला वेळच कुठं मिळाला? पाव्हने फाटकापोतर गेले, अन् पोराचा बाप एकटाच माघारी आला. मला वाटलं, आता शिव्या देतंय. तर माझ्याच पुढ्यात बाबांच्या कानाशी लागला."

"काय म्हणाला?"

"म्हनला, आमचं धाकटं बी लय पानी पेयालंय. पन हे कुठं बोलू नका."