खालून कापलेली बातमी

माझा धाकटा भाऊ समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात फिटर होता. नोकरी कायम, राहायला क्वार्टर. विंझर गावातल्या आमच्या घरात पगारी माणसं दोनच: तो, आणि पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक असलेला मी.

त्याला पासली गावचं स्थळ आलं. त्याने मुलगी पसंत केली, तिनेही त्याला. सुपारी फोडायला आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो असताना मुलीच्या मामांनी खिशातून एक कात्रण काढलं.

"ह्यो तुमचाच पेपर न्हवं का? परदेशात अणूच्या भट्ट्या कायमच्या बंद केल्या म्हणं. तिथली शानी माणसं सोडून चालली, आन् आमी पोरगी तिथंच धाडू व्हय?"

भावाने ड्यूटीवर छातीला लावायच्या बिल्ल्याबद्दल सांगितलं. "किती किरणं लागली ते त्यात कळतं, मामा. ठरल्या दिवशी तपासत्यात. काय बी लागत न्हाई."

"लागत न्हाई तर मोजत्यात कशाला?"

ओसरीवरचे सगळे हसले. मामा माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमी पेपरातलं. सांगा, हे खोटं हाय का?"

ती बातमी मीच केली होती. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही आमची रीत. महत्त्वाचं सगळं वर असतं, असं गृहीत धरलेलं. त्या दिवशी पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि मी शेवटचे दोन परिच्छेद काढले. त्या देशात कोळशाची केंद्रं आणखी काही वर्षं चालूच राहणार, असं त्यांत होतं. धुराने माणसं मरतात, तेव्हा आधी कोळसा बंद करायला हवा होता, असं तिथल्या काही जाणकारांचं मतही होतं.

"बातमी खरी आहे, पण अपुरी आहे," मी म्हणालो आणि राहिलेलं तोंडी सांगितलं.

"मग छापलं का न्हाई?"

"जागा नव्हती."

मामांनी कात्रणाची घडी घातली. "भावापायी बरी जागा झाली आता."

त्या दिवशी सुपारी फुटली नाही. आठवड्याने मुलीकडून निरोप आला: अणूतली नोकरी सोडली तर सुपारी फुटेल. तोवर आईलाही धास्ती बसली होती. भावाला दुसरं काम मिळालं ते विदर्भातल्या कोळशाच्या वीज केंद्रात, ठेकेदाराच्या हाताखाली. त्याला मामांची हरकत नव्हती. "कोळसा काय, आपल्या चुलीतलाच की," ते म्हणाले.

भाऊ ती जागा पाहून आला. "दादा, तिथं वाळत घातलेल्या कापडांवर राख पडती."

"मग जाऊ नकोस."

"तूच सांग जा मामांना." मी ओसरीवर एकदा सांगून बसलो होतो, त्यांना ते पटलं नव्हतं.

राजीनामा मी लिहून द्यावा, असं त्याने म्हटलं. कारण काय लिहू, मी विचारलं.

"घरगुती अडचण लिही."

मी तेवढंच लिहिलं आणि खाली बरीच जागा उरलेला कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.