एकशे शहात्तर वचनं

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या बायकांनी मला उभं केलं. म्हणे, "तुम्ही एवढी वर्षं रोज न चुकता बायबल वाचता, त्यातून काय मिळालं ते चार शब्दांत सांगा." चार शब्दांत! कपाळ माझं. मी म्हटलं, "मनाला बरं वाटतं," आणि खाली बसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या मेल्यांनी. घरी येईपर्यंत मला माझीच चीड येत होती. रोज सकाळी मी ते पुस्तक उघडते तेव्हा आधी काय आठवतं हे सांगायचं तर तारापूरच्या घरात जावं लागतं, आणि तिथे मी आजवर कुणाला नेलेलं नाही.

बाबा तारापूरच्या शाळेत मास्तर होते. आई मिशनच्या इस्पितळात शिकलेली नर्स, गावच्या दवाखान्यात नोकरीला. गोष्ट साठ सालानंतरची, तिकडे किनाऱ्यावर वीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनापासून धुरळा उडवत ट्रक येऊ लागले होते. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. पण आईमुळे आम्हाला कुणी परकं मानलं नाही. कोळीवाड्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. कुणाच्याही घरी कळा सुरू झाल्या की पहिला निरोप नर्सबायला.

आमच्या घरात सकाळी सहाला शास्त्रवाचन. रोज एक अध्याय, क्रमाने. आवडला म्हणून दोनदा नाही, कंटाळवाणा म्हणून सोडायचा नाही. नुसत्या नावांच्या याद्या असल्या तरी शेवटच्या नावापर्यंत वाचायच्या. आम्ही तिघं आळीपाळीने वाचत असू, बाबा, मी आणि आई. अकराशे एकोणनव्वद अध्याय, म्हणजे एका फेरीला तीन वर्षं आणि वर तीन महिने. हा हिशेब बाबांनी मला तोंडपाठ करून घेतला होता.

आणि दुसरा नियम असा, की वाचन सुरू झालं की आमेन होईपर्यंत कुणी उठायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही. एकदा चुलीवर दूध उतू जात होतं. चर्र आवाज झाला, करपल्याचा वास घरभर भरला, आईचा जीव नुसता वरखाली. बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. अध्याय संपला, प्रार्थना झाली, मग आई उठली तेव्हा पातेल्यात ओंजळभर दूध उरलेलं. "मास्तर, तुमच्या देवाला बासुंदी आवडते वाटतं," असं ती त्या दिवशी म्हणाली आणि बाबा चक्क हसले. आळीला हा नियम ठाऊक होता. आम्ही बसलो की शेजारीण आपल्या पोरांना दटावायची, "गप ऱ्हावा रे, मास्तरांची पोथी चाललीय."

बसायच्या जागाही ठरलेल्या. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. आई त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून. मी खिडकीखाली, कारण तिथे उजेड पडायचा. तिथून उघडं दार आणि बाहेरची पायरी मला समोर दिसे. दिसायची ती एकट्या मलाच.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बायबलमधलं सगळ्यात लांब स्तोत्र माझ्या पाळीला आलं. एकशे शहात्तर वचनं. देवाचे नियम किती चांगले, हेच तेवढं फिरून फिरून सांगणारं. आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्याचं मोठं आहे, मी वाचतो." मला राग आला. मी म्हटलं, "पाळी माझी आहे, मीच वाचणार." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. पण अडखळायचं नाही. एकदाही नाही."

आमचे बाबा वाईट नव्हते, पण शाबास हा शब्द त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकला नव्हता. वर्गात इतर मुलांना म्हणत असतील, मला नाही. आपल्या लेकीला चढवून ठेवलं असं कुणी म्हणायला नको, असली काहीतरी त्यांची समजूत. त्या रात्री मी उशाला पुस्तक घेऊन ते स्तोत्र दोनदा पुटपुटत वाचलं. उद्या त्यांना म्हणायलाच लावते, असा हट्टच धरला होता मी.

सकाळी सुरुवात छान झाली. वचनांमागून वचनं गेली, जीभ कुठे अडली नाही. साठाव्या वचनाच्या आसपास असेन, तेव्हा पायरीवर सावली पडली. वर पाहिलं तर आमच्याकडे मासळी घालणारी मावशी. रोज पाटी डोक्यावर घेऊन खणखणीत आवाज देत यायची. त्या दिवशी पाटी नव्हती. पदर खांद्यावरून घसरलेला. ती धापा टाकत होती. मी वाचतेय हे बघितलं आणि ती होती तिथे थबकली. मग तिने दोन्ही हात जोडले.

आता सांगते ते मी आयुष्यात एकदाच मोठ्याने बोलले आहे. मला वाटलं, ती ऐकायला आली. खरंच तसं वाटलं. गावात पोथी लागली की बायका हातातलं काम टाकून येतात, पायरीवर बसतात, हात जोडतात. तशीच ही माझी पोथी ऐकायला आली. मला अस्सं फुलून आलं! मी तिच्याकडे बघून हसले आणि आवाज चढवला. घाई होती तीही सोडली. एकेक शब्द सावकाश, ठसक्यात म्हणायला लागले. तिने माझं हसणं पाहिलं आणि ती पायरीवर टेकली. मधून मधून उजवीकडे, कोळीवाड्याच्या वाटेकडे बघायची आणि परत हात जोडायची. ते मी बघत होते. बघत होते आणि वाचत होते.

एकशे शहात्तरावं वचन संपलं. एकदाही अडखळले नाही. मग बाबांची प्रार्थना. ती त्या दिवशी लांबली, कारण बाबा खूश होते. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी मागून झालं. आमेन म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "शाबास."

त्याच क्षणी पायरीवरून मावशी बोलली. "नर्सबाय, जरा चला वो. सून पहाटं एकदम मोकळी झाली, तुमाला बोलवायला येळच नाय गावला. पोरगी झाली. पण वार पडली नाय. रगत थांबत नाय."

आई उठून उभी राहिली. "कधीची आलीयेस तू?"

"मगाच आली. तुमचं देवाचं चाललं व्हतं."

"अगं, हाक नाही मारायची?"

"देवाच्या मदी कसं बोलू, बाय? देव रागावला मंजे? आज तर त्याचंच काम हाय."

आई चपला न घालता पळाली. पिशवी घ्यायची सुद्धा ती विसरली होती. ती घेऊन मागून बाबा पळाले. मी पुस्तक मांडीवर घेऊन तशीच बसले होते.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. मावशीचा मुलगा होडीवर गेलेला, घरात नुसत्या बायका. आईने सुई टोचली, हाताने होतं ते सगळं केलं. मग बांधकामावरचा रिकामा ट्रक अडवला. परमुलखातला ड्रायव्हर, बिचारा काही न विचारता "चढाओ, बहनजी" म्हणाला. बोईसर गाठायचं आणि तिथून गाडीने पालघरच्या इस्पितळात न्यायचं असं ठरलं. बोईसर दिसायच्या आधीच सून गेली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. आमच्याकडे एकदा सुकट घेऊन आली होती, लाजून नावसुद्धा नीट सांगितलं नाही तिने. पोरगी मात्र जगली. लोक म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. मला ती म्हण तेव्हापासून सहन होत नाही.

आई दुपारी परत आली. लुगड्यावरचे डाग वाळून काळे पडले होते. तिने आंघोळ केली नाही, पाणी प्यायली नाही. बाबा हळूच म्हणाले, "देवाची इच्छा. आपल्या हातात काय आहे?"

"देवाची इच्छा म्हणू नका," आई म्हणाली. इतक्या थंडपणे ती कधी बोलत नसे. "माझी दाराकडे पाठ होती. एवढंच झालं. अर्धा तास आधी गेले असते तर कदाचित हाती लागली असती."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू समोर बसली होतीस ना गं? तुला नाही दिसली?"

"नाही," मी म्हटलं. "मी पुस्तकात बघत होते."

पुस्तक समोर फळीवर होतं. आई उठून न्हाणीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून आई जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसायला लागली, दाराकडे तोंड करून. बाहेर पाचोळा वाजला तरी उठायची. वचन अर्धं असो, बाबांची प्रार्थना चाललेली असो, ही ताडकन दारात. बाबा एकदाही रागावले नाहीत. नियम मोडला असं कुणी बोललं नाही, पण त्या घरात तो पुन्हा कधी नव्हताच.

मावशी तेरा दिवसांनी परत मासळी घेऊन आली. पुढे नात कडेवर असायची. आई तिला दूध द्यायची, पोरीचं वजन बघायची, कान-नाक बघायची. मी मात्र मावशीचा आवाज आला की परसात पळायची. चोराच्या मनात चांदणं! आई म्हणायची, "हिला मासळीचा वास नको झालाय." मावशी हसून म्हणायची, "मोटी झाली बाय आता."

वाचनाला मी रोज बसत होते, कारण न बसण्याचं कारण सांगावं लागलं असतं. त्यातल्या कितीतरी गोष्टी मला आपल्याच वाटायला लागल्या. भावाला मारून "मला काय माहीत" म्हणणारा तो मोठा भाऊ. कोंबडा आरवेपर्यंत तीनदा "मी येशूला ओळखत नाही" म्हणणारा तो मच्छीमार. तो निदान बाहेर जाऊन रडला तरी. मला रडूही येत नव्हतं. लोकांना शास्त्रातून दिलासा मिळतो म्हणतात. मला रोज सकाळी कुणीतरी कान धरून उभं केल्यासारखं वाटे, आणि अध्याय तर सोडायचा नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ती फीत. पुस्तकातली खुणेची लाल फीत रोज एकेक पान पुढे सरकत होती आणि मला माहीत होतं ती फिरून त्याच स्तोत्राकडे चाललीय. तीन वर्षं आणि तीन महिने. शेवटच्या आठवड्यात मला ताप यावा म्हणून मी पहाटे विहिरीवर गार पाण्याने न्हायले. साधी शिंकसुद्धा आली नाही.

तो दिवस उजाडला. थंडीचे दिवस होते. पाळी आईची होती. आईने पुस्तक उघडलं, पान बघितलं आणि ते माझ्या मांडीवर सरकवलं. बाबांनी डोळे मिटले. मी वाचायला लागले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. तीस झाली, चाळीस झाली. पन्नासच्या पुढे गेले आणि पायरीवर सावली पडली.

खोटं वाटेल, पण मावशीच होती. डोक्यावर बोंबलाची पाटी, बोटाला धरलेली तीन वर्षांची नात. काही घाई नव्हती, रोजच्यासारखी मासळी द्यायला आली होती. वाचन चाललंय हे बघून तिने पाटी खाली ठेवली, नातीला गप्प बसायची खूण केली आणि हात जोडले. नातीनेही तिचं बघून हात जोडले.

आई उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

"आई, त्या दिवशी मावशी मला दिसली होती," मी म्हणाले. मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "मी खोटं बोलले. ती आल्या आल्या मी बघितलं होतं. मला वाटलं ती ऐकायला आली. म्हणून मी सांगितलं नाही. मी वाचतच राहिले."

बाबांनी डोळे उघडले. आईचा हात माझ्या हातात तसाच राहिला, तिने तो ओढून घेतला नाही. मला वाटलं आता मावशी छाती बडवील, मला शिव्या घालील. मला तेच हवं होतं.

मावशीने नातीचे जोडलेले हात सोडवले, तिला मांडीवर घेतलं.

"ठाव हाय मला, बाय," ती म्हणाली. "तू माज्याकडं बगून हसलीस. मला वाटलं, देवानं ऐकलं, आता काय भ्या नाय. म्हनून तर मी बसली."